उरलेली गल्ली

मिनीबसमधून उतरून ओलिंदा तिवाने नेहमीच्या वाटेनं चालू लागली आणि थोड्या वेळानं तिला वाटलं, आपण चुकलोय. ही गोष्ट इतकी हास्यास्पद होती की ती थांबलीसुद्धा नाही. डोक्यावर गाठोडं होतं, हातात बहिणीच्या घरच्या काजूंची पिशवी होती, आणि बहिणीच्या गावाहून, शाय-शायहून, निघाल्यापासून मनात एकच गोष्ट होती : घरी जायचं, चपला काढायच्या, अंगणातल्या मातीवर पाय टेकून चहा प्यायचा. शहराच्या पोलाना कानिसो वस्तीतल्या या गल्लीत ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा सगळी घरं बोरूच्या कुडांची होती. मग पत्र्याची झाली, मग सिमेंटच्या विटांची. इतक्या वर्षांत वाट पायांना पाठ झाली होती. सार्वजनिक नळापासून डावीकडे वळायचं, तोमे शिंप्याच्या टपरीवरून सरळ जायचं, शेजारच्या फेलिझार्दाच्या काजूच्या झाडाची फांदी गाठोड्याला लागू नये म्हणून जरा वाकायचं, की समोर आपलं दार. ती वाकली. अगदी नेहमीसारखी, गाठोड्याला एका हाताचा आधार देऊन वाकली, आणि सरळ उभी राहिली तेव्हा तिला कळलं की वर फांदी नव्हतीच. झाड नव्हतं. झाडामागचं घर नव्हतं. तोमेची टपरी वाटेत लागली होती की नाही, तेही तिला आठवेना.

आधी नुसता उजेड जाणवला. गल्लीत उजेड कधी असा सरसकट नसायचा. भिंतींच्या, पत्र्यांच्या, वाळत घातलेल्या कपड्यांच्या फटींतून तो तुकड्यातुकड्यांनी यायचा आणि बायका त्या तुकड्यांत मिरच्या वाळत घालायच्या. आता तो चारी बाजूंनी एकदम अंगावर आला. आणि त्याच्या पलीकडे समुद्र होता. राखाडी, सपाट, एका जहाजासकट. समुद्राच्या इतक्या जवळ ती जन्म काढत आली होती, पण गल्लीतून तो कधी दिसला नव्हता. ओहोटीला वास यायचा, तेवढाच. म्हणजे इथून हे असं दिसतं होय, असं तिच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर स्वतःचा राग आला. कारण इमारती बांधणाऱ्या कंपनीचा माणूस दोन वर्षं हेच सांगत होता : मावशी, तुमच्या गल्लीला काय नजारा आहे ते तुम्हाला माहीत नाही.

तिचं घर होतं. निळ्या दाराचं, पत्र्याच्या छपराचं, सबंध सपाट मैदानात एकटं उभं होतं, आणि एवढंसं दिसत होतं. शेजारच्या बाजूला फेलिझार्दाच्या स्वयंपाकघराची भिंत तिच्या भिंतीला चिकटून होती, ती तशीच राहून गेली होती. त्यामुळे ओलिंदाच्या घराला बाहेरून एका अंगानं दुसऱ्याच घराचा हिरवा रंग होता, फळीचे खिळे होते आणि चुलीच्या धुराचा काळा पट्टा होता. तो पट्टा असा उघड्यावर बघताना तिला झोपलेल्या बाईचं वस्त्र सरकलेलं दिसावं तसं झालं. तिनं कमरेभोवती वरून गुंडाळलेलं कापड सोडलं आणि ते त्या खिळ्यांवर अडकवून दिलं. मग दार उघडून आत गेली आणि गाठोडं खाली न ठेवताच उभी राहिली. आत सगळं जसंच्या तसं होतं. हेच जास्त विचित्र होतं.

चहा करायचा राहूनच गेला. पाटावर बसून ती फोन आठवत राहिली. बहिणीच्या उशाशी ती महिनाभराहून अधिक बसली होती, आणि फेलिझार्दाचा फोन दोन-चार दिवसांआड यायचाच. ताप उतरला का, खाते का काही, तू तरी जेवतेस का गं. मग गल्लीतल्या बातम्या. तोमेच्या बकरीनं गिऱ्हाइकाची चादर खाल्ली. तिच्या नवऱ्याचा, जोसियासचा, खोकला हटत नाही. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. बहिणीच्या कण्हण्यातून सुटून ओलिंदा दारात यायची आणि या बातम्यांनी तिला बरं वाटायचं. डोळे मिटले की गल्ली दिसायची. आता तिला त्या आवाजामागचं दुसरं काहीतरी आठवत होतं. एक फडफड. प्लास्टिक वाऱ्यानं फडफडावं तसा आवाज प्रत्येक वेळी असायचा. गल्लीत वारा कुठून यायला? भिंतीला भिंत लागलेली. हे तेव्हा आपल्या लक्षात का आलं नाही? आलं होतं, तिनं कबूल केलं. एकदा विचारलंही होतं, कसला गं आवाज? आणि फेलिझार्दा म्हणाली होती, कपडे वाळत घातलेत.

दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा ती घराघरात वेगवेगळी शिरली. जमीन सरकारची, ती कुणाला विकता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून भाव व्हायचा तो भिंतींचा आणि झाडांचा. याच्या भिंती चांगल्या, त्याचा आंबा म्हातारा झाला, असं म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या कानात वेगळा आकडा सांगितला, आणि आठवड्याभरात गल्लीतल्या बायका नळावर एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. तेव्हा ओलिंदानं आपल्या अंगणात सभा घेतली. ती गल्लीची प्रमुख होती. भांडण, बारसं, चोरी, मयत, काहीही झालं तरी लोक तिच्या दाराशी यायचे, कौतुकानं आणि थोडं टोचूनही तिला प्रमुखबाई म्हणायचे. त्या दिवशी ती बाकावर उभी राहून बोलली होती. गेलो तर सगळे जाऊ, राहिलो तर सगळे राहू. एकेकट्यानं कुणी कंपनीच्या दारात जायचं नाही. सगळे हात वर झाले. ते हात तिला अजून दिसत होते : शाईचे, पिठाचे, तोमेचा सुईनं टोचलेला. त्या संध्याकाळी तिला नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा लोरेन्सो आला. तिशीतला, गोड बोलणारा, नेहमी इस्त्रीचा सदरा. त्यानं अंगणाच्या कडेला उभं राहून आधी बहिणीची चौकशी केली.

"पुरून आले," ओलिंदा म्हणाली. "आणि मागे तू मला पुरलंस."

"मावशी, असं बोलू नका."

"मी नाही हे बघून आलास. दोन वर्षं माझ्यासमोर तुझी जीभ वळत नव्हती."

"मी आलोच नाही." लोरेन्सो जमिनीकडे बघत होता. "तेच आले माझ्याकडे. तुमची बस शहराबाहेर पडली असेल-नसेल, तोवर ऑफिसच्या दारात सगळे उभे. मीच म्हटलं, तुमच्या प्रमुखबाईंना येऊ दे, मग बोलू. तर म्हणाले, नको, त्या यायच्या आत उरका."

"कोण म्हणालं असं?"

"सगळेच."

"सगळे कधी एकदम बोलत नाहीत. पहिलं कोण बोललं?"

लोरेन्सोची नजर काजूच्या बुंध्याकडे गेली. करवतीनं कापलेला तो गोल बुंधा अजून ओला होता आणि त्यावर मुंग्या फिरत होत्या.

घर सोडून गेलेल्यांना जागा मिळाल्या होत्या शहराबाहेर, माराकुएनच्याही पलीकडे. ओलिंदा दोन बस बदलून गेली. वाटेत ती मनातल्या मनात बोलत होती आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा धारदार होत होतं. शेवटच्या थांब्यावर उतरली तेव्हा नुसती वाळू होती, वाळूत आखलेले चौकोन होते आणि चौकोनांत कुठे चार फूट, कुठे सहा फूट चढलेल्या भिंती होत्या. फेलिझार्दाच्या घराच्या भिंती पुऱ्या झाल्या होत्या, वर मात्र निळं प्लास्टिक होतं आणि ते फडफडत होतं. तो आवाज ऐकल्यावर ओलिंदा सगळी तयार वाक्यं विसरली. जोसियास, फेलिझार्दाचा नवरा, आत खुर्चीवर बसला होता. तिला बघून तो उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि खोकत बाहेर निघून गेला. तो नेहमीच असं करायचा. ती आली की त्याला काहीतरी काम आठवायचं.

फेलिझार्दा डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन आली. ओलिंदाला पाहून ती थबकली नाही, डबा उतरवला, हात पुसले आणि म्हणाली, "आलीस. बस. शिमा टाकते."

"मला जेवायचं नाही. फोनवर सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुझी बहीण मरत होती."

"म्हणून बकरीच्या गोष्टी सांगत होतीस? चादर खाल्ली म्हणे!"

"खाल्ली होती," फेलिझार्दा म्हणाली. "आधी कधीतरी."

एरवी दोघी हसल्या असत्या. बोलता बोलता फेलिझार्दाच्या ओठाचा कोपरा हललादेखील. पण ओलिंदा म्हणाली, "आपण ठरवलं होतं," आणि ते हसू तिथेच गेलं.

"तू ठरवलं होतंस. आम्ही हात वर केले."

"कुणी पिरगळले होते तुमचे हात?"

"तुझ्यासमोर खाली कोण ठेवणार? तू बाकावर उभी. त्या बुजवलेल्या दरीकडे बोट दाखवत होतीस. माझा माणूस तिथे आहे म्हणालीस. त्यावर कोण काय बोलणार, सांग ना? तोमेला मुलीकडे मातोलाला जायचं होतं. शेजारच्या म्हातारीला पाय पसरण्याएवढी खोली हवी होती. दोन वर्षं सगळे मला म्हणायचे, फेलिझार्दा, तू तिची मैत्रीण, तू बोल ना तिच्याशी. माझी छाती झाली नाही." ती चुलीजवळ बसली आणि शिमासाठी मक्याच्या पिठात पळी फिरवू लागली, म्हणजे तोंड वर करायला नको. "तू तुझ्या मेलेल्या माणसाला आमच्या घरांचं कुंपण घातलंस, ओलिंदा."

बाहेर जोसियास खोकत होता. फेलिझार्दानं पळीनं तिकडे खूण केली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि त्याचं काय? रोज सकाळी डोळे उघडले की त्याला तुझं दार दिसायचं. रोज. तुझ्या मनात एकदा तरी आलं का?"

मनात आलं नव्हतं असं नाही. परतीच्या बसमध्ये काचेला डोकं टेकून ती त्या गोष्टीपाशीच येऊन पोचत होती, आणि पुन्हा पुन्हा बाजूला सरत होती. त्या महापुराच्या वर्षी पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता. वरच्या बंगल्यांच्या वस्तीतलं सगळं पाणी कानिसोतून समुद्राकडे धावलं आणि पायाखालची वाळू आतून वाहून जाऊ लागली. रस्ता खचला, मग रस्त्याशेजारची घरं, आणि दरी गल्लीकडे सरकत आली. आबिलिओ, तिचा नवरा, आणि जोसियास फावडी घेऊन पाणी वळवायला गेले. जोसियास परत आला. त्याच्या हातात दोन फावडी होती. तो एवढंच म्हणाला, जमीन गेली. पाऊस ओसरल्यावर माणसं दोर बांधून खाली उतरली, समुद्रकिनारा पालथा घातला, काही मिळालं नाही. पुढे नगरपालिकेनं दगड-माती आणून दरी भरून टाकली, वर गवत उगवलं आणि मुलं तिथे फुटबॉल खेळू लागली. पुरायला देह नव्हता, म्हणून ओलिंदानं सगळी जमीनच धरून ठेवली. यात कुणाला विचारायचं असतं हे तिला सुचलं नव्हतं. आणि माणूस गेला तर फावडी दोन कशी आली, हे तिनं जोसियासला कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे आपण त्याला माफ केलं, असं ती समजत आली होती. आता तिला वाटलं, आपण तो प्रश्न नुसता दारात उभा करून ठेवला होता, रोज त्याला दिसेल असा.

त्यानंतरचे दिवस लांबलचक होते. कंपनीनं मैदानाभोवती पत्रे उभे केले. ये-जा करायला एक फट ठेवली आणि तिथे पहारेकरी बसवला. सकाळी उठून ओलिंदा अंगण झाडायची आणि झाडता झाडता हद्द कुठे संपते ते तिला कळेनासं व्हायचं. कधी कधी ती फेलिझार्दाच्या स्वयंपाकघराची नुसती उरलेली फरशीही झाडून यायची. आवाज नव्हते. रेडिओ नाही, भांडणं नाहीत, शिलाईचं मशीन नाही. तिला आपल्याच घरात हळू बोलायची सवय लागली. लोरेन्सो मधून मधून यायचा, बाकावर बसायचा, मावशी, विचार केला का, म्हणून विचारायचा आणि तिनं नकाराची मान हलवली की उठून जायचा. त्याचं येणं तिला आवडू लागलं होतं, आणि हे कळल्यावर तिनं त्याला चहा विचारणं बंद केलं.

एका सकाळी पहारेकऱ्याशी कुणी बाई मोठमोठ्यानं बोलत असल्याचं तिनं ऐकलं आणि आवाज ओळखून ती धावली. पत्र्याच्या फटीत फेलिझार्दा उभी होती. डोक्याला काळं कापड. तिच्यामागे रस्त्यावर एक छोटा ट्रक होता आणि ट्रकमध्ये शवपेटी होती.

"बसमध्येच गेला," फेलिझार्दा म्हणाली. "इस्पितळात नेत होते. गाड्या तुंबल्या होत्या. माझ्या खांद्यावर डोकं होतं, मला वाटलं झोपला." मग ती थांबली. रडत नव्हती, दमून उभी होती. "तिथे मला कुणी ओळखत नाही गं. शेजारीण विचारते, तुमचं आडनाव काय. अशा ठिकाणी मी त्याला कुठे ठेवू? कोण गाणार त्याच्यासाठी?"

पहारेकरी म्हणत होता, पेटी आत न्यायची परवानगी नाही. तेवढ्यात लोरेन्सो आला. त्यानं पेटीकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं, काही न बोलता बाह्या वर केल्या आणि स्वतः पान्ह्यानं दोन पत्रे सोडवले. पहारेकऱ्यानं टोपी काढून काखेत धरली. जोसियास त्या वाटेनं आत आला, आपल्या घरावरून, कापलेल्या झाडावरून, आणि ओलिंदाच्या दारात ठेवला गेला.

मग माणसं येऊ लागली. मातोलाहून तोमे आला, माराकुएनकडच्या बायका चटया घेऊन आल्या, ज्यांना मुलांनी धरून आणावं लागलं अशा म्हाताऱ्या आल्या. बायका आत पेटीभोवती बसल्या, पुरुष अंगणात. पाद्रीबाबा आले. गाणं सुरू झालं आणि ते चार भिंतींत मावेना. खालच्या पट्टीतले आवाज अंगणातून, वरच्या पट्टीतले आतून. कुणी कुठला सूर धरायचा हे न सांगता ठरलेलं, कारण ही सगळी माणसं वर्षानुवर्षं याच अंगणात एकमेकांची माणसं पोचवत आली होती. ओलिंदा सूचना देत होती. पाणी कुणी आणायचं, मोठा टोप कुणाकडे आहे, खड्डा खणणाऱ्यांना काय द्यायचं. सगळे ऐकत होते. दफन करून परत आल्यावर दाराशी हात धुतले, पंगती बसल्या, शिमा आणि कोबीचं कालवण वाढलं गेलं.

तोमे ताट हातात घेऊन म्हणाला, "प्रमुखबाई, सभेला आल्यासारखं वाटतंय. हात वर करू का?"

"कर," ओलिंदा म्हणाली. "पण या खेपेला दोन्ही कर. तुझा एक हात खोटारडा आहे."

सगळे हसले. तोमे ठसका लागेपर्यंत हसला, कुणीतरी त्याच्या पाठीवर थापटलं, आणि ओलिंदाही हसली. हसता हसता तिला एक गोष्ट स्वच्छ कळली : आपण सुखात आहोत. सकाळी ट्रकमधली पेटी दिसली त्या क्षणापासून. कुणी मेलंय हे कळायच्या आधी, कोण मेलंय हे कळल्यावरही, छातीत जे उसळलं ते दुःख नव्हतं. आले, परत आले, असं ते होतं. तिनं हातातली पळी टोपात ठेवली. तरी मन थांबेना. ते पंगतीवरून फिरत होतं. तोमेच्या बायकोचे पाय सुजले होते. कोपऱ्यातली म्हातारी घास नुसता तोंडात धरून बसली होती. या दोघींतली आधी कोण, असा हिशेब चालला होता, अगदी थंडपणानं, बाजारात कोबी निवडावा तसा. पुढच्या वेळी पत्रे आधीच काढून ठेवायला सांगू, असंही त्या मनानं ठरवून टाकलं होतं. ओलिंदा घराच्या मागच्या बाजूला गेली, भिंतीला धरून ओणवी झाली आणि रिकाम्या पोटी ओकली. एक बाई धावत आली आणि तिची पाठ चोळत म्हणाली, "सांभाळ गं. तुझा तर भाऊच होता तो."

ऊन उतरायला लागल्यावर माणसं उठली. जाताना सगळे आपापल्या जागांबद्दल बोलत होते. आमच्याकडे वीज यायचीय, आमच्याकडे चिखल फार, आमच्याकडे पपया मात्र लागल्या. तक्रारी पुष्कळ होत्या, पण सगळे आमच्याकडे म्हणत होते. आपण चुकलो, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ओलिंदा फटीजवळ शेवटपर्यंत उभी राहिली. कुणी म्हणालं नाही. तसं कुणाच्या मनात नव्हतंच.

आठव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत फेलिझार्दा राहिली. चटईवर, काळ्या वस्त्रात. दोघी फारसं बोलल्या नाहीत. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता फेलिझार्दा म्हणाली, "त्यानं हात धरला होता आबिलिओचा. सुटला."

"हं."

"तुला सांगायचं होतं त्याला. रोज म्हणायचा, उद्या सांगतो."

"मला ठाऊक होतं," ओलिंदा म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं. पण त्या वेळी ते म्हणणं तिला जमलं, आणि फेलिझार्दाचे हात ताटात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

निघताना बसथांब्यावर फेलिझार्दा म्हणाली, "चल माझ्याकडे. शेजारचा चौकोन रिकामा आहे. तुझ्यासाठी ये म्हणत नाही. मला भीती वाटते तिथे, म्हणून ये."

बस दिसेनाशी होईपर्यंत ओलिंदा उभी राहिली आणि मग घरी न जाता सरळ कंपनीच्या ऑफिसात गेली. चालताना तिला हलकं वाटत होतं. कंपनीपुढे हरलो असं तिला वाटत नव्हतं. कंपनीची तिला भीती कधीच नव्हती. भीती होती त्या पंगतीत पळी धरून उभ्या असलेल्या बाईची, आणि तिला त्या अंगणात एकटं सोडून निघून जायचं होतं. शेजारचा चौकोन मागायचा. काजूचं रोप लावायचं. वाळूत काजू येतो.

लोरेन्सो तिला पाहून उभा राहिला. तिनं सांगितलं, मी जायला तयार आहे. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला आधी समजलं नाही. दोन वर्षं ज्या शब्दाची तो वाट बघत होता तो ऐकून तो खाली बसला.

"मावशी, मी याच आठवड्यात येणार होतो तुमच्याकडे." त्यानं टेबलावरचा पेला उगाच सरकवला. "नकाशा बदललाय. इंजिनियर लोकांनी जमीन तपासली. तुमच्या बाजूची माती भरावाची आहे, जुन्या दरीची. ती इमारतीचं ओझं घेणार नाही. म्हणून आमच्या आवाराची भिंत आता तुमच्या घराच्या अलीकडून जाणार."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं घर राहील. तुम्हाला कुणी उठवणार नाही आता."

"पण मी जाते म्हणतेय."

"हो. पण कंपनीला ती जागा नकोय, मावशी." तो अगदी हळू बोलत होता. "नको असलेल्या जागेची भरपाई कशी देतील? मी विचारलं वर. दोनदा विचारलं."

ओलिंदानं बाहेर पाहिलं. खिडकीतून मैदानातली यंत्रं दिसत होती. मग तिनं विचारलं, "त्यांनी खणलं का तिथे? तपासायला?"

"नळी घालून माती वर काढतात."

"काय आलं वर?"

"माती. विटांचे तुकडे." लोरेन्सोला प्रश्न कळला नव्हता. "बाकी काही नाही."

भिंत भराभर चढली. फेलिझार्दाच्या चुलीचा काळा पट्टा गेला. ती उरलेली भिंत पाडून तिथूनच नवी गेली. ओलिंदाच्या अंगणात आता दुपारीच सावली यायची. समुद्र दिसेनासा झाला. तिच्या वाट्याला भिंत आणि जुनी दरी यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी राहिली होती, आणि रस्त्यावर जायला गवतातून एक नवी वाट तिनंच पायांनी पाडली होती. फेलिझार्दाचा फोन यायचा. कधी येतेस? येईन, ओलिंदा म्हणायची, जरा इथलं आवरू दे. घर टाकून तशीच निघून जावं, असं ती रोज सकाळी ठरवायची. पण रिकाम्या हातांनी जाऊन त्या प्लास्टिकखाली दुसरं तोंड वाढवायला ती धजेना. आणि घर विकत घ्यायला आता कुणीच येणार नव्हतं. फेलिझार्दाला हे सांगायचं राहत होतं. उद्या सांगू, असं ती म्हणायची.

एका दुपारी ती दारात बसून भाजी निवडत असताना वरून हाक आली. "मावशी! पाणी मिळेल का?" भिंतीच्या माथ्यावरून एक गवंडी वाकून बघत होता. अनोळखी, धुळीनं पांढरा झालेला, उत्तरेकडच्या बोलीचा. तिनं बाटली भरून दिली. हात पोचेना, तेव्हा बाकावर चढून दिली. तो घटाघटा प्यायला आणि तोंड पुसत त्यानं खालचं सगळं न्याहाळलं : एवढंसं घर, झाडलेलं अंगण, दरीपर्यंत गेलेलं गवत.

"इथे एकट्याच राहता?"

"एकटी कशी? सगळी गल्ली आहे."

गवंड्यानं पुन्हा इकडेतिकडे पाहिलं. "कुठायत सगळे?"

ओलिंदा बाकावरच उभी होती. उंचावरून तिला भिंतीपलीकडचं थोडंसं दिसत होतं, खणलेले खड्डे आणि सळया.

"बाहेर गेलेत," ती म्हणाली.

"मग बरं," गवंडी म्हणाला. त्यानं रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि तो पुढची वीट लावायला वाकला.